तुम्ही विचारलंत : नेपाळचं आपल्याशी बिनसलं कशावरून?

मागच्या अंकात नेपाळच्या शंभर रुपयांच्या नव्या नोटेबद्दल चार ओळींची नोंद दिली होती. नोव्हेंबर 2025 मध्ये ती नोट आली आणि तिच्यावरच्या नकाशात कालापानी, लिपुलेख आणि लिंपियाधुरा हा उत्तराखंडच्या सीमेवरचा भाग, जो भारत आपला मानतो, नेपाळच्या हद्दीत दाखवलाय. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर नेपाळलाच देतेय. काही पत्रं चिडलेली आहेत, ती पण घेतलीत. नावं कुणाचीच छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (देवगड) : ताई, आमची हापूसची बाग आहे. राखणीला, फवारणीला, काढणीला सगळीकडं नेपाळी माणसं असतात, आता तर आमच्या भागातल्या कितीतरी बागा त्यांच्याच जिवावर चालतात. परवा टीव्हीवर त्या नोटेची बातमी चालू होती, मी सहज म्हटलं की आमचा भाग तुम्ही तुमच्या नोटेवर कसा काय छापता, तर त्यांच्यातला एक जण, एरवी कधी उलटून बोलत नाही तो, पटकन म्हणाला, "शेठ, तुम्ही आमचा गॅस बंद केला होता." मला काय कळेना. कसला गॅस? आपण तर त्यांना कायम मदतच करत आलोय ना?

उत्तर : दादा, तो बोलला ते 2015 सालचं आहे, आणि ते त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही यात मला तरी काही नवल वाटत नाही. त्या वर्षी 25 एप्रिलला नेपाळमध्ये 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास नऊ हजार माणसं गेली, गावंच्या गावं आडवी झाली. तेव्हा आपली विमानं काही तासांत काठमांडूला पोचली होती, ऑपरेशन मैत्री, आणि ते काम खरंच मोठं होतं. तुम्ही मदत म्हणताय ती ही.

मग सप्टेंबर उजाडला. नेपाळची नवी राज्यघटना तयार झाली आणि तराईतले मधेशी लोक, म्हणजे आपल्या बिहार-यूपीला लागून राहणारे, ज्यांची निम्मी सोयरीक सीमेच्या अलीकडं असते, ते भडकले. त्यांचं म्हणणं की मतदारसंघ असे आखलेत की आम्ही कायम कमीच राहू, आणि नागरिकत्वाच्या अटी पण आमच्याच मुळावर. ते दुखणं खोटं नव्हतं. आंदोलनात पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यात पोलीसही होते. दिल्लीचं म्हणणं होतं की थांबा, यांना सोबत घ्या आणि मग घटना जाहीर करा. हे सांगायला एस. जयशंकर, तेव्हा ते परराष्ट्र सचिव होते, घटना जाहीर व्हायच्या अगदी एक-दोन दिवस आधी काठमांडूत गेले. आता विचार करा, आठ वर्षं घासून एखाद्या देशानं घटना लिहिली, मुहूर्त ठरला, आणि शेजारचा मोठा देश म्हणतोय थांबा. नेपाळनं ऐकलं नाही. 20 सप्टेंबरला घटना लागू झाली आणि भारतानं अभिनंदन न करता फक्त "नोंद घेतली".

त्यानंतर रक्सौल आणि वीरगंजच्या मधल्या मितेरी पुलावर आंदोलक ठिय्या देऊन बसले आणि ट्रक अडकले. पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, औषधं, सगळं. भारत सरकार तेव्हाही म्हणत होतं आणि आजही म्हणतं की आम्ही काही बंद केलं नाही, पलीकडं हिंसाचार चालू आहे म्हणून ड्रायव्हर जायला घाबरतात. नेपाळचं उत्तर असं की जिथं आंदोलनच नव्हतं त्या नाक्यांवर पण गाड्या रेंगाळत होत्या आणि डेपोवर टँकर भरून मिळत नव्हते. मला विचाराल तर आंदोलन मधेशींचं होतं हे खरं, पण दिल्लीच्या मनात नसतं तर ती कोंडी चार-साडेचार महिने चाललीच नसती.

ते महिने तिथल्या घरात कसे गेले ते बघा. दसरा, ज्याला ते दशैं म्हणतात, त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, तो कोंडीत गेला. तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, ती पण. गॅस सिलिंडर मिळायचा तो अर्धा भरलेला, काठमांडूसारख्या राजधानीत सरकारला सरपण विकायची पाळी आली, लोक गच्चीवर तीन दगड मांडून भात शिजवत होते. आणि भूकंपात घर गेलेली माणसं डोंगरात पत्र्याखाली आणि ताडपत्रीखाली थंडी काढत होती, कारण घर बांधायचं सामान वर न्यायला डिझेलच नव्हतं. एप्रिलमध्ये ज्यांना आपण ढिगाऱ्यातून काढलं त्यांच्यावरच सप्टेंबरमध्ये ही वेळ आली. आपल्याकडं ही बातमी दोन दिवस आली असेल नसेल, तुमच्या बागेतल्या माणसाच्या घरी मात्र ती रोज चुलीवर होती.

फेब्रुवारी 2016 मध्ये कोंडी उठली. पण तोवर के. पी. ओली पंतप्रधान झाले होते आणि भारतापुढं न झुकलेला नेता म्हणून त्यांची प्रतिमा पक्की झाली होती. मार्चमध्ये ते बीजिंगला गेले आणि चीनमधून माल नेण्या-आणण्याचा करार करून आले. त्या वाटेनं जवळचं चिनी बंदर तीन हजार किलोमीटरच्या वर लांब पडतं, कोलकाता त्याच्या कितीतरी अलीकडं, त्यामुळं व्यवहारात त्याचा फारसा उपयोग नाही. पण समुद्राची वाट फक्त भारतातूनच आहे ही अडचण निदान कागदावर तरी सुटली असं त्यांना म्हणता आलं.

प्रश्न (पुणे) : मी यूपीएससी करतोय. कालापानीबद्दल क्लासमध्ये आम्हाला भारताची बाजू शिकवतात आणि यूट्यूबवर नेपाळी लोक एकदम उलटं सांगतात. नेमकं खरं कुणाचं?

उत्तर : परीक्षेला भारताची बाजूच लिही, पण समजून घेताना दोन्ही घे. मुळात आहे 1816 चा सुगौलीचा तह, ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यातला. त्यात नेपाळनं काली नदीच्या पश्चिमेकडच्या मुलखावरचा हक्क सोडला. म्हणजे काली नदी ही हद्द झाली. इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही. भांडण आहे ते नदी उगम कुठं पावते यावर. वरच्या बाजूला दोन प्रवाह येऊन मिळतात. नेपाळ म्हणतं की लिंपियाधुऱ्याकडून येणारी कुटी यांक्ती हीच खरी काली, कारण ती मोठी. भारत म्हणतो की काली कालापानीच्या झऱ्यांपासून सुरू होते. या दोन प्रवाहांच्या मधला जो तुकडा, तो सगळा वादाचा, साधारण 335 चौरस किलोमीटर.

नेपाळ कंपनीच्या काळातले जुने नकाशे दाखवतं आणि 1961 ला आम्ही गुंजी, नाबी, कुटी या गावांत जनगणना केली होती असं सांगतं. भारत 19 व्या शतकापासूनचे महसुलाचे आणि प्रशासनाचे कागद दाखवतो, नंतरचे ब्रिटिश नकाशे दाखवतो, आणि 1962 च्या युद्धापासून आपली माणसं तिथं बसलेली आहेत हे तर आहेच. जागेवर ताबा आपला, यात वाद नाही. कागदाच्या बाबतीत मात्र दोघांकडंही काहीतरी आहे, म्हणून तर हा प्रश्न बसून बोलण्याचा आहे.

आणि बसून बोललं जात नाही हेच तर माझं सगळ्यात मोठं दुखणं आहे. बाकी सीमेचं काम दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून केलं, 182 नकाशे तयार झाले, 98 टक्के हद्द ठरली, उरलं काय तर कालापानी आणि गंडक नदीकाठचा सुस्ता. 2014 ला ठरलं की हे उरलेलं दोन्ही परराष्ट्र सचिवांनी बघायचं. नोव्हेंबर 2019 मध्ये आपण जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेनंतरचा नवा नकाशा काढला, त्यात कालापानी आपल्यात होतं (आधीच्या नकाशांत पण होतं, हे नीट लक्षात ठेव), नेपाळनं निषेध केला आणि बैठकीची तारीख मागितली. तारीख दिली गेली नाही. पुन्हा मागितली, पुन्हा नाही. मग 8 मे 2020 ला, लॉकडाऊन चालू असताना, राजनाथ सिंहांनी लिपुलेखपर्यंतच्या रस्त्याचं व्हिडिओवरून उद्घाटन केलं. नेपाळनं पुन्हा बैठक मागितली तर उत्तर गेलं की करोना संपल्यावर बघू. 20 मे ला त्यांनी स्वतःचा नकाशा काढला, जूनमध्ये तो घटनेत घातला, संसदेत एकही विरोधी मत पडलं नाही.

आता बघ काय झालं. तोवर दोन सचिवांनी चहा पिता पिता बोलायचा विषय होता, तो आता नेपाळच्या घटनेत गेला. तिथला कुठलाही पंतप्रधान, कितीही भारताच्या बाजूचा असो, यातून एक इंच मागं येऊ शकत नाही, त्याला दोन तृतीयांश बहुमत लागेल. मुख्य परीक्षेत लिहायला हा मुद्दा चांगला आहे, पण त्याहून जास्त, उद्या खरंच परराष्ट्र सेवेत गेलास तर आठवणीत ठेव.

एक पुणेकर म्हणून अजून एक गोष्ट तुला माहीत हवी. त्याच मे महिन्यात आपले तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल नरवणे म्हणाले होते की नेपाळ हे दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून करत असावा. रोख चीनकडं होता. नरवणे सरांबद्दल मला आदरच आहे, पण ते वाक्य तिथं फार लागलं, कारण 2015 ला भारत आणि चीननं लिपुलेखमधून व्यापार वाढवायचं ठरवलं तेव्हा नेपाळनं दोघांचाही निषेध केला होता. ऑगस्ट 2025 मध्ये तो व्यापार पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हाही नेपाळनं हरकत घेतलीच. जो चीनलाही हरकत घेतो त्याला चीनचं बाहुलं म्हटलं तर राग येणारच ना. त्या वक्तव्यानंतर, नोव्हेंबर 2020 मध्ये नरवणे काठमांडूला गेले आणि प्रथेप्रमाणे नेपाळी सेनेचा मानद जनरल हा किताब घेऊन आले, ही दोन्ही लष्करांतली 1950 पासूनची रीत आहे आणि ती तेव्हाही मोडली नाही.

प्रश्न (नाशिक) : मॅडम स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आपलं खायचं, आपल्याकडं नोकऱ्या करायच्या आणि गुणगान चीनचं. एक महिना बॉर्डर पूर्ण बंद करा, सरळ येतील. एवढा मोठा देश आपला, घाबरतो कशाला?

उत्तर : राग नाही मानत, पण हे करून झालंय. 1989 मध्ये. नेपाळनं आदल्या वर्षी चीनकडून विमानविरोधी तोफा आणि इतर शस्त्रं घेतली होती, भारतीय कामगारांना वर्क परमिट लावलं होतं, व्यापाराचे आणि ट्रान्झिटचे (भारतातून माल नेण्या-आणण्याचे) करार संपत आले होते आणि बोलणी फिसकटली. 23 मार्च 1989 पासून 21 पैकी 19 नाकी बंद. तुम्ही एक महिना म्हणताय, ते वर्षाच्या वर चाललं. रॉकेल मिळेना म्हणून डोंगरउतारावरची झाडं तुटली. आणि त्यात शिकलेली जी पिढी होती, तिच्यातलेच पुढं पत्रकार झाले, मास्तर झाले, आमदार-खासदार झाले. 2015 ला जेव्हा पुन्हा तेच झालं तेव्हा घराघरात सांगायला आजी-आजोबा होते की हे आम्ही आधी भोगलंय.

काही जण म्हणतात की त्या कोंडीमुळंच राजेशाही नरमली आणि 1990 ला नेपाळमध्ये बहुपक्षीय लोकशाही आली. मला हे पटत नाही. लोकशाही तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून आणली. आपल्याकडून खरी मदत झाली ती वेगळ्या वाटेनं : जानेवारी 1990 मध्ये काठमांडूत गणेशमान सिंह यांच्या घरी नेपाळी काँग्रेसचा मेळावा झाला, त्याला आपले चंद्रशेखर (जे पुढं पंतप्रधान झाले) आणि इतर पक्षांचे नेते स्वतः जाऊन बसले होते. ती आठवण तिथं आजही आदरानं निघते. सीमेवरची नाकी बंद केल्याची आठवण निघते ती कशी, ते वर देवगडच्या पत्रात वाचलंतच.

आणि आपलं खातात हे म्हणणं बरोबर नाही हो. नेपाळचा जवळपास दोन तृतीयांश व्यापार आपल्याशी आहे आणि त्यात विकणारे आपण आहोत, ते घेणारे आहेत. बॉर्डर बंद झाली की रक्सौलच्या बाजारातला दुकानदार पण बसतो. तिकडून येणारा माणूस आपल्याकडं कामच करतो, बाग राखतो, हॉटेलात भांडी घासतो, रत्नागिरीच्या ट्रॉलरवर जाळी ओढतो. तो काही फुकट खात नाही.

नेपाळी नेत्यांचं सगळं बरोबर असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. मे 2020 मध्ये ओली संसदेत उभं राहून म्हणाले की भारतातून आलेला विषाणू चीनच्या विषाणूपेक्षा जास्त घातक दिसतोय, जुलैमध्ये म्हणाले की खरी अयोध्या नेपाळात वीरगंजजवळ आहे. हे बोलायची काही गरज नव्हती. पक्षात खुर्ची हलायला लागली की भारताला शिव्या घालायच्या हा तिथला ठरलेला मार्ग आहे आणि तो नुसता ओलींचा नाही. पण आपण ते हत्यार त्यांच्या हातात दर वेळी स्वतःहून का देतो, असा माझा तुम्हाला उलटा प्रश्न आहे.

प्रश्न (सांगली) : दर पावसाळ्यात बातमी असते की नेपाळने पाणी सोडले, बिहार बुडाले. आम्ही अलमट्टीचे दुःख जाणतो त्यामुळे विचारतो, नेपाळ असे मुद्दाम करतो का?

उत्तर : तुमच्या भागातून हा प्रश्न आला याचं मला बरं वाटलं, कारण पाणी, धरण, शेजारचं राज्य आणि रात्रीतून घरात शिरलेला पूर हे तुम्हाला सांगायला नको. पण इथं गोष्ट जवळजवळ उलटी आहे. कोशी नदीवर नेपाळच्या हद्दीत पाणी साठवून मग सोडेल असं मोठं धरणच नाही. जे आहे ते भीमनगरजवळचं कोशी बराज, म्हणजे पाणी न साठवता कालव्यांकडं वळवणारा 56 दरवाजांचा बंधारा. 1954 च्या करारातून बांधलेलं, जागा बहुतांश नेपाळची आणि दरवाजे चालवतात कोण तर बिहारच्या जलसंपदा खात्याचे इंजिनिअर. म्हणजे "नेपाळने पाणी सोडले" ही बातमी वाचून तिथला माणूस डोक्याला हात लावतो.

28-29 सप्टेंबर 2024 ला 6.61 लाख क्युसेक पाणी आलं, 1968 नंतरचं सगळ्यात जास्त, सगळेच्या सगळे दरवाजे उघडावे लागले, खाली बिहार बुडालं. ते आभाळातून आलेलं पाणी होतं. पण 18 ऑगस्ट 2008 चं तसं नाही. त्या दिवशी नेपाळमध्ये कुसहाला कोशीचा बांध फुटला, आणि नदीला तेव्हा काही फार मोठा पूर पण नव्हता, बांध जेवढ्या पाण्यासाठी बांधला होता त्याच्या पाव हिश्शाच्याही आत पाणी होतं. बांधाच्या देखभालीची जबाबदारी करारानुसार भारताकडं. नदीनं वाट बदलली, आधी नेपाळमधल्या सुनसरीतली गावं गेली आणि मग बिहारमधले सुपौल, मधेपुरा हे जिल्हे. दोन्हीकडची माणसं एकाच पाण्यात.

नेपाळला कोशी आणि 1959 चा गंडक या दोन्ही करारांबद्दल वाटतं की जमीन आमची बुडाली आणि पाणी तुमच्या कालव्यांना गेलं. 1996 च्या महाकाली करारात पंचेश्वरचं मोठं धरण ठरलं, ते अजून कागदावरच आहे. म्हणून आता कुठलाही नवा पाण्याचा करार म्हटलं की तिथं आधी शंका येते, आणि कोशीवरच्या ज्या उंच धरणानं खरंच बिहारचा पूर कमी होईल असं काही तज्ज्ञ म्हणतात (सगळे नाही म्हणत, हिमालयातला गाळ आणि भूकंप बघता) त्याचा अभ्यासच वर्षानुवर्षं पुढं ढकलला जातोय.

प्रश्न (सातारा) : मी सेवानिवृत्त हवालदार. गोरखा पलटणीसोबत ड्यूटी केली आहे, त्यांच्यासारखा सोबती मिळणे नाही. ऐकतो की आता नेपाळमधून भरती बंद झाली. खरे आहे का?

उत्तर : काका, खरं आहे, आणि तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल. 1947 मध्ये भारत, ब्रिटन आणि नेपाळ असा तिघांचा करार झाला, त्यात गोरखा पलटणी वाटल्या गेल्या, आपल्याकडं आज सात गोरखा रेजिमेंट आहेत. करोनात भरती थांबली होती. मग जून 2022 ला अग्निपथ आली, चार वर्षांची नोकरी आणि त्यातले 25 टक्केच पुढं कायम. ऑगस्टमध्ये नेपाळनं सांगितलं की हे 1947 च्या करारात बसत नाही, आम्हाला न विचारता तुम्ही अटी बदलल्या, तेव्हा भरती थांबवा. तेव्हापासून नेपाळमधली भरती झालेली नाही.

आपलं सरकार म्हणतं की अग्निपथ सगळ्यांना सारखीच, साताऱ्याच्या पोराला जी अट तीच पोखऱ्याच्या पोराला. त्यात तथ्य आहे. पण करार दोन देशांचा आहे, बदल करायच्या आधी एकदा माणूस पाठवून विचारायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. तिकडं डोंगरातल्या गावात निवृत्त गोरखा म्हणजे नुसती पेन्शन नाही, तो गावातला भारताचा माणूस असतो. त्याचा शब्द तिथं चालतो. ही भरती बंद पडली तर पुढच्या वीस वर्षांत ती माणसं संपत जातील. पोरं आखातात जातायत, मलेशियात जातायत, काही तर रशियाच्या सैन्यात जाऊन युक्रेनमध्ये मेली, इतकं की जानेवारी 2024 मध्ये नेपाळला त्या दोन देशांसाठी कामाची परमिटं थांबवावी लागली.

प्रश्न (डोंबिवली) : आम्ही बायकांचा ग्रुप पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथला जायचं म्हणतोय. घरचे म्हणतात आता नको, तिकडे भारतीयांबद्दल राग आहे. जावं का?

उत्तर : खुशाल जा. राग आहे तो दिल्लीवर, तुमच्यावर नाही. सप्टेंबर 2025 मध्ये तिथं तरुणांचं मोठं आंदोलन पेटलं, ओलींचं सरकार पडलं, तेही तिथल्या भ्रष्टाचारावरून आणि सोशल मीडिया बंद केल्यावरून, भारताचा त्यात विषय नव्हता. व्हिसा लागत नाही. विमानानं जात असाल तर पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र ठेवा, नुसत्या आधारच्या भरवशावर विमानतळावर जाऊ नका. आपले 100 म्हणजे त्यांचे 160, हा दर 1993 पासून बदललेला नाही. स्वतःची गाडी नेणार असाल तर सीमेवर भन्सार म्हणजे कस्टमचं परमिट काढावं लागतं, दिवसाप्रमाणे पैसे.

शंभरच्या नोटा जास्त ठेवा. पाचशेच्या नोटांचे नियम बदलत असतात, निघायच्या आधी चालू नियम बघून घ्या. आणि कुणी दुकानदार भारतीय नोट उलटसुलट करून बघायला लागला तर वाईट वाटून घेऊ नका. 2016 च्या नोटबंदीत नेपाळी लोकांच्या घरात पाचशे-हजारच्या जुन्या भारतीय नोटा तशाच अडकल्या, इथं राबून नेलेला पैसा होता तो, त्यांच्या राष्ट्र बँकेनं कितीतरी वेळा बदलून मागितल्या पण त्यावर शेवटपर्यंत तोडगा निघाला नाही.

प्रश्न (मुंबई) : मग उपाय काय? तुम्ही नुसत्या चुका सांगता.

उत्तर : उपाय लिहून ठेवलेला आहे आणि तो कुलपात आहे. 2016 मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून आठ जाणत्या माणसांचा गट नेमला, चार त्यांचे चार आपले. काम काय तर 1950 च्या शांतता आणि मैत्री करारापासून सगळं तपासायचं आणि काय बदलायचं ते एकमतानं सांगायचं. तो 1950 चा करार नेपाळला पहिल्यापासून बोचतो, त्यांच्याकडून सही पंतप्रधानाची, मोहन शमशेर राणांची, आणि आपल्याकडून राजदूताची, शिवाय राणांची सत्ता तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. पण त्याच कराराच्या आधारावर नेपाळी माणूस आज मुंबईत परवान्याशिवाय नोकरी करतो आणि भाड्यानं घर घेतो, त्यामुळं तो नुसता फाडून टाकणं त्यांनाही परवडणारं नाही. म्हणूनच तर नीट बसून नवा करायला हवा.

आपल्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी. तेच, जे पुढं 2019 ला आपले राज्यपाल होऊन आले. नेपाळचे प्रमुख भेख बहादुर थापा. दोन वर्षं बैठका झाल्या आणि 2018 च्या मध्यावर अहवाल एकमतानं पूर्ण झाला. ठरलं असं की आधी भारताच्या पंतप्रधानांना द्यायचा, मग नेपाळच्या. भारताच्या पंतप्रधानांची वेळ मिळाली नाही, आणि नेपाळनंही मग तो स्वीकारला नाही. सदस्यांनी मुलाखतींमधून सांगितलंय त्याप्रमाणे त्यात नवा करार सुचवलाय आणि उघड्या सीमेवर ओळखपत्र बघून सोडायची पद्धत सुचवलीय. म्हणजे ज्यात भारताच्या सुरक्षेची सोय आहे असंसुद्धा नेपाळी सदस्यांनी मान्य केलं होतं.

हे मला कळतच नाही. आपणच नेमलेली माणसं, सरकारच्याच पक्षाचा त्यांचा प्रमुख, आणि तो कागद हातात घ्यायला काय अडचण आहे? घेतला म्हणजे मान्य केला असं थोडंच होतं? घ्या, छापा, दोन्ही संसदांत चर्चा करा, जे नको ते नको म्हणा. 2014 च्या ऑगस्टमध्ये मोदी काठमांडूला गेले तेव्हा त्यांनी संविधान सभेत भाषण केलं आणि लोक अक्षरशः भारावले होते, कारण भारताचा पंतप्रधान द्विपक्षीय भेटीला तब्बल 17 वर्षांनी आला होता. त्याच्या महिनाभर आधी सुषमा स्वराज गेल्या होत्या, संयुक्त आयोगाच्या बैठकीला, ती झाली 23 वर्षांनी. एवढ्या वर्षांनी नुसतं गेलो तर एवढा फरक पडला. मग पत्राचं उत्तर, बैठकीची तारीख आणि अहवाल घ्यायला अर्धा तास हे तर अगदीच हातातलं आहे.

प्रश्न (चिपळूण) : नेपाळमध्ये कोकण रेल्वेची गाडी चालते असं ऐकलं. खरं का? चांगलं काही चालू आहे की नाही?

उत्तर : खरं आहे! सप्टेंबर 2020 मध्ये, म्हणजे नकाशाचं भांडण अगदी गरम असताना, कोकण रेल्वेनं दोन डेमू (डिझेलवर चालणाऱ्या प्रवासी) गाड्या नेपाळला पोचवल्या. बिहारमधलं जयनगर ते नेपाळमधलं कुर्था असा साधारण 35 किलोमीटरचा मार्ग, एप्रिल 2022 पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली, जनकपूरला जाणाऱ्यांना सोयीची. पुढं बर्दिबासपर्यंत न्यायची आहे. मोतिहारीहून अमलेखगंजला 69 किलोमीटरची तेलाची पाइपलाइन 2019 ला सुरू झाली, त्यामुळं डिझेलसाठी टँकरच्या रांगेवर अवलंबून राहणं कमी झालं, 2015 नंतर त्यांना याचं मोल जास्तच. जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॉट वीज घ्यायचा करार झाला, आणि आता नेपाळची 40 मेगावॉट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशला पण जाते. फक्त ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी ठेकेदार आहे तिथली वीज आपण घेत नाही, त्यावरून कुरबुर चालू आहे, पुढच्या अंकात त्यावर वेगळं लिहीन. आणि तुमच्या ओळखीचं कुणी कोकण रेल्वेतून त्या मार्गावर कामाला गेलं असेल तर त्यांना या सदरासाठी जरूर लिहायला सांगा.